वीसपैकी सतरा सुया

१९८३ साल होतं. मोठ्या गाड्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात संगणक आला होता खरा, पण तो पहिल्या मजल्यावर एका बंद खोलीत गारव्यात ठेवलेला असे आणि चपला काढल्याशिवाय त्याच्यापुढे कुणाला उभं राहू देत नसत. गाडी चांगली का वाईट हे अजून माणसंच ठरवायची. पुढच्या सीटवर बसलेल्याच्या हातापायांना काय वाटतं ते एक, आणि मागच्या सीटवर बसलेल्याच्या कमरेला काय वाटतं ते दुसरं. कमरेचं काम एका बाईकडे होतं. तिला सगळे सुईवाली म्हणत.

सुईवाली मूळची शिलाईखात्यातली. वडील ती लहान असतानाच गेले, तेव्हा आईला आणि तिला मामांनी आपल्या घरातली मागची खोली दिली. ती एकोणीस वर्षांची झाल्यावर मामांनीच तिला कारखान्यात चिकटवलं. सीटची कव्हरं शिवायची, कडा दुमडायच्या, बटणं ओढून बसवायची. पंधरा वर्षं तिने ते केलं. यंत्रांच्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावं लागे, त्यामुळे शिलाईखात्यातल्या बायका घरीही ओरडूनच बोलत आणि शेजाऱ्यांना वाटे, रोज भांडण चाललंय.

मामा त्याच कारखान्यात चाचणीचे ड्रायव्हर होते. ती मामा म्हणायची म्हणून शिलाईखातं मामा म्हणू लागलं, मग रंगखातं, आणि शेवटी मोठे साहेबसुद्धा. मामांचा पाय म्हणजे लोणी. मामांनी ब्रेक लावला तर गाडी थांबल्याचं आतल्या माणसाला कळायचं नाही. बाहेरचं झाड हलायचं थांबलं की कळायचं. नव्या पोरांना ते शिकवायचे, "ब्रेक दाबायचा नसतो रे. गाडीला पटवून द्यायचं, की बाई, आता थांबलेलं बरं."

सुईची परीक्षा निघाली तीही अशीच. एकदा नव्या गाडीच्या मागच्या सीटची शिवण चाचणीच्या रस्त्यावर उसवली. मामांनी भाचीला बोलावून गाडीत बसवलं, आणि खात्यापर्यंत परत नेईतो तिने धावत्या गाडीतच सुई ओवून चार टाके घातलेही. पुढे बसलेल्या मोठ्या साहेबांनी ते आरशात पाहिलं. मोठे साहेब म्हणजे साऱ्या कारखान्याचे प्रमुख, सहा फूट उंच, बोलणं मोजकं. ते म्हणाले, "जिच्यात बाईला सुई ओवता येते, तिच्यात साहेबाला सही करता येईल." झालं. तेव्हापासून प्रत्येक गाडीची ती परीक्षा ठरली. एका कापडी उशीत वीस सुया टोचलेल्या, हातात दोरा, खराब रस्त्याचा एक किलोमीटर, वेग चाळीस. तेवढ्यात किती ओवून होतात ते मोजायचं. पंधरा झाल्या तर गाडी मागे बसणाऱ्याच्या कामाची. फॉर्मवर तीनच रकाने: गाडीचा नंबर, सुया, आणि शेरा. ड्रायव्हरच्या नावाला रकानाच नव्हता, कारण ड्रायव्हर नेहमी मामाच असत. जुन्या गाड्या मऊ होत्या, गादीसारख्या. त्यात कोण चालवतो याने फारसा फरक पडत नसे. म्हणून ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

परीक्षा असली की ती खाली चाचणीच्या रस्त्यावर जाई, नाहीतर आपल्या यंत्रावर. पगार शिलाईचाच. पण त्या एका तासापुरती ती कुणीतरी असे.

त्या वर्षी कारखान्याने नवी गाडी काढायला घेतली. लांब, गडद रंगाची, साहेबलोकांची. तिची जबाबदारी गणितसाहेबांवर होती. हे तिशीतले, जाड काचांच्या चष्म्याचे, आणि खडू हातात नसेल तर बोलताना अडखळणारे. त्यांनी एक दिवस मामांना आणि सुईवालीला फळ्यासमोर बसवून सगळं समजावलं.

"हे बघा, गाडी एकच, पण बाजार तीन. दूरच्या थंड देशातला साहेब स्वतः गाडी चालवतो. त्याला ड्रायव्हर ठेवायची लाज वाटते. त्याला वळणावर गाडी झुकलेली चालत नाही, स्टिअरिंग हातात बोललं पाहिजे. त्याला हव्यात कडक स्प्रिंगा. आपल्याकडचा साहेब मागे बसतो. त्याला स्टिअरिंग कुठल्या बाजूला असतं हेही ठाऊक नसेल. त्याला हवी मऊ गाडी. आणि तिसरा बाजार आहे, तिथला साहेब आठवडाभर मागे बसतो आणि सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हरला घरी पाठवून स्वतः चालवतो. त्याला दोन्ही हवं."

"म्हणजे त्याला दोन बायका हव्यात," मामा म्हणाले.

गणितसाहेब हसले नाहीत. "आजवर आपण तीन बाजारांना तीन तऱ्हेच्या स्प्रिंगा द्यायचो. मला एकच करायची आहे. कडक, पण शॉकॲब्सॉर्बर असे की मागच्याला कळू नये. माझं गणित सांगतं, जमेल."

"गणित मागे बसतं का पुढे?" मामांनी विचारलं. सुईवालीने त्यांना कोपर मारलं.

पहिली गाडी तयार झाली आणि मामांनी ती वळणाच्या रस्त्यावर नेली. मागे सुईवाली. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या मानेवरूनच तिला कळलं की ते हसताहेत. जुन्या गाड्या वळणावर होडीसारख्या कलायच्या. ही कललीच नाही. मामा म्हणाले, "पोरी, ही ऐकते गं! हात हलायच्या आधी ऐकते." मग गाडी खराब रस्त्यावर घातली, आणि वीसपैकी सतरा सुया ओवून झाल्या.

गणितसाहेब रस्त्याच्या कडेला उभे होते. आकडा ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, आणि पुन्हा पुसला.

मामांनी मात्र गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला बुटाने हलकेच टोचलं आणि म्हणाले, "साहेब, आम्ही अजून एक फेरी मारून येतो." गाडी जरा लांब गेल्यावर त्यांनी आरशातून भाचीकडे पाहिलं. "सतरा खोट्या आहेत गं. मी खड्ड्याआधी श्वास सोडतो ना, तसा पाय सोडतो. चाक खड्ड्यात पडतं तेव्हा गाडी आधीच हलकी झालेली असते. सरासरी चाळीसच भरते, पण आतल्या आत कमीजास्त. आता थांब, मी वाईट चालवतो. मोज."

पण त्यांना वाईट चालवता येईना. खड्डा जवळ आला की पाय आपोआप सुटायचा. दोनदा, तीनदा. मामा आपल्याच मांडीवर चापट मारू लागले. "मेल्या, ऐक की एकदा!" सुईवाली हसता हसता सीटवर आडवी झाली. सोळा, सतरा, सोळा.

"नाही जमत," मामा शेवटी म्हणाले. "चाळीस वर्षांचं वळण पडलंय पायाला. तू असं कर, गचक्याबरोबर एक फेरी मार."

गचक्या म्हणजे दुसरा ड्रायव्हर. मनाने राजा माणूस, पण क्लच त्याचा वैरी. तो चहा पिऊन कप खाली ठेवी तोही आदळून. जेवणाच्या सुट्टीत, सगळे आत असताना, मामांनी त्याला त्या गाडीत बसवलं. गचक्याने एक किलोमीटर चालवली. सुईवालीच्या सहा सुया ओवून झाल्या आणि सातवी अंगठ्यात गेली.

"सहा," ती उतरून म्हणाली, अंगठा तोंडात धरून.

"बघ!" मामा म्हणाले. "आणि साहेबलोकांचे ड्रायव्हर कोण असतात? मी नसतो, गचक्या असतो."

"आता मी काय केलं?" गचक्या म्हणाला.

"तू काही नाही केलंस बाबा. तू देवासारखा धावून आलास." मग मामा तिच्याकडे वळले, आणि पुढचं त्यांनी गमतीत म्हटलं नाही. "फॉर्मवर लिही. आकडा सतराच लिही, तो खरा आहे. पण शेऱ्यात लिही की हा आकडा पायाचा आहे, गाडीचा नाही. दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर सहा. माझं अक्षर साहेबांना लागत नाही, तू नीट लिही. मागच्या स्प्रिंगा आपल्या बाजाराला मऊ द्याव्यात, एवढंच. पुढच्या राहू देत कडक. चालवायला फार गोड गाडी आहे गं ती."

ती हो म्हणाली. आणि तेव्हा तिला खरंच लिहायचं होतं.

फॉर्म लिहायला ती चाचणी विभागाच्या खोलीत गेली. तिथे चार टेबलं होती, एक खिडकीजवळचं रिकामं. गणितसाहेब आत आले आणि त्या रिकाम्या टेबलाच्या कडेवर टेकले.

"बाई, मोठ्या साहेबांशी बोललो आत्ता. सतरा ऐकून ते खुर्चीतून उठले. एकच स्प्रिंग, तिन्ही बाजार. तुमची सुईची परीक्षा आता कायमची नियमात जाईल. आणि तुम्ही इथे या, विभागात. शिलाईखात्यात काय करायचंय तुम्हाला? हे टेबल तुमचं." मग ते थांबले आणि म्हणाले, "एक विचारू? ड्रायव्हर कोण आहे याने तुमच्या आकड्यात फरक पडतो का हो? नाही म्हणजे, मला उद्या कुणी विचारलं तर."

इतका सरळ प्रश्न. तो त्यांनी विचारला नसता तर बरं झालं असतं असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं. पडतो म्हटलं असतं तर आकडा गेला, परीक्षा गेली, टेबल गेलं. खिडकीतून चाचणीचा रस्ता दिसत होता आणि खोलीत इतकी शांतता होती की घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. पंधरा वर्षांत तिने कामाच्या जागी घड्याळाची टिकटिक ऐकली नव्हती.

"थोडाफार पडत असेल," ती म्हणाली. "विशेष नाही."

मग तिने लिहिलं: गाडीचा नंबर. सुया, सतरा. शेऱ्याच्या रकान्यात तिने आडवी रेघ ओढली. शिलाईवाल्या हाताची, सरळ, पट्टीशिवाय.

संध्याकाळी मामांनी विचारलं, "लिहिलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

"बघतील," मामा म्हणाले. "पोरगा हुशार आहे." आणि मामीला सांगू लागले, की आज गचक्या कसा कामी आला आणि आपल्या भाचीने साहेबांना कसं स्वच्छ लिहून दिलं. मामीने ऐकून घेतलं. मामीला गाड्यांतलं काही कळत नसे, पण नवऱ्याचा चेहरा कळे. त्या दिवशी तो फुललेला होता.

महिन्याभरात सुईवाली खिडकीजवळच्या टेबलावर गेली. शिलाईखात्यातल्या बायकांनी तिला निरोप म्हणून उरलेल्या गडद कापडाची पिशवी शिवून दिली. "आता मोठी झालीस, ओरडून बोलू नकोस हो," एक जण ओरडून म्हणाली.

मामांना वाटत होतं, स्प्रिंगा बदलल्या असतील. गाड्या तयार होऊन थेट विक्रीला जात. चाचणीवाल्यांच्या हाती त्या परत येत नसत. तिला ठाऊक होतं, बदलल्या नाहीत. रोज सकाळी ती त्यांच्याबरोबर चालत कारखान्यात जायची आणि रोज ते तिला कधीतरी विचारतील या भीतीने दुसराच विषय काढायची.

वर्ष सरत आलं तेव्हा पत्रं येऊ लागली. दूरच्या देशातून आलेली पत्रं नाचणारी होती: अशी गाडी आम्ही चालवली नाही, वळणावर जादू आहे. घरची पत्रं रडणारी होती. एका शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं की आता माझंच ऑपरेशन करायची वेळ आली आहे. एका न्यायाधीशांनी गाडीत बसून निकालपत्रावर सही केली, ती त्यांच्या कारकुनालाच ओळखू येईना. एका म्हाताऱ्या बाईंनी आपली कवळी कागदात गुंडाळून पाठवली, सोबत चिठ्ठी नव्हती. लोक पहिल्यांदा हसले. मग नोंदवलेल्या गाड्या लोक नको म्हणू लागले, मागच्या शेडमध्ये त्या ओळीने उभ्या राहू लागल्या, आणि हसणं थांबलं.

चौकशी मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली, सकाळी अकराला. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पाण्याचे पेले. एका बाजूला मोठे साहेब आणि गणितसाहेब. समोर तीन खुर्च्या: मामा, गचक्या, सुईवाली. गणितसाहेबांचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा. मोठ्या साहेबांच्या हातात फॉर्म होता.

"सतरा," ते म्हणाले. "मी स्वतः परवा या गाडीत मागे बसलो. मला चष्मा नाकावर ठेवता आला नाही. सतरा कशा?"

गचक्या, ज्याला पोटात काही राहत नसे, म्हणाला, "साहेब, मामा चालवत होते ना! मामांच्या हाताखाली बैलगाडीतपण सुई ओवली जाईल. माझ्याबरोबर सहाच झाल्या होत्या."

"सहा?" गणितसाहेब उठले. "कधी? ते कुठे लिहिलंय?"

मोठ्या साहेबांनी फॉर्म फिरवून टेबलावर ठेवला. शेऱ्याच्या रकान्यात ती सरळ रेघ. मामा पुढे वाकले. त्यांना जवळचं नीट दिसत नसे, म्हणून ते बराच वेळ वाकून राहिले. मग ते मागे टेकले. त्यांनी भाचीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित तिचं तोंड उघडलं असतं. निदान असं ती पुढे स्वतःला सांगत आली.

"बाई," मोठे साहेब म्हणाले, "सहा झाल्या हे तुम्हाला ठाऊक होतं. लिहिलं का नाही? यांनी तुम्हाला काही सांगितलं होतं?"

प्रश्न दोन होते. तिने दुसऱ्याचं उत्तर दिलं.

"नाही," ती म्हणाली. "मला काही सांगितलं नव्हतं. मी सुया ओवते, साहेब. गाडीतलं मला काय कळतं? मला वाटलं, गचक्याची फेरी म्हणजे... जेवणाच्या सुट्टीतली गंमत."

गचक्या तिच्याकडे बघत राहिला. तो तिथे होता, मामांचा शब्द न् शब्द त्याने ऐकला होता. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. ब्रेकवर पाय ठेवायचे तसाच, अलगद.

"तिला काय कळणार, साहेब," मामा म्हणाले. "खरंच आहे. मला कळलं होतं. मीच तिला म्हटलं, राहू दे, लिहू नकोस. गाडी मला फार आवडली होती. वाटलं, उगाच कशाला मोडता घाला."

"मामा, तुम्ही?" मोठे साहेब म्हणाले. एवढंच. पण त्यांनी ते असं म्हटलं की सुईवालीला पुढच्या चाळीस वर्षांत कुणी कुणालाही नुसतं 'तुम्ही?' म्हटलं तरी ती खोली आठवायची.

बाहेर पडल्यावर लांब व्हरांड्यात तिघं चालत होती. मधे मामा. गचक्या दारापर्यंत आला आणि तिला म्हणाला, "ताई, मी गचके देतो, पण सांगून देतो." आणि निघून गेला.

"मामा," ती म्हणाली.

"चल, जेवणाची वेळ झाली," मामा म्हणाले. "तुझा डबा कुठाय?"

मामांना काढलं नाही. इतक्या वर्षांची नोकरी होती. चाचणीच्या रस्त्यावरून उठवून त्यांना मागच्या शेडवर टाकलं. परत आलेल्या गाड्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत लावायच्या. पहिला गिअर, दोनशे पावलं, थांबा. कारखान्यात एक म्हण झाली, मामाने सगळ्यांना मामा बनवलं. पंधरा दिवस ती प्रत्येकाच्या तोंडी होती. रंगखात्यातल्या पोरांनी ती शेडच्या भिंतीवर रंगानेच लिहिली. मामांनी ती वाचली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." सुईवाली आपल्या टेबलावरून ती भिंत बघू शकत होती. तिने खुर्ची फिरवून घेतली. मग दिसेना.

त्या रविवारी ती मामांकडे गेली. आई गेल्यावर ती जवळच्याच गल्लीत वेगळी राहत असे, पण रविवारचं जेवण मामांकडे असे. दार मामीने उघडलं. मामीचे हात ओले होते. तिने ते पदराला पुसले, सावकाश, एकेक बोट.

"आलीस? ये. मागे बस. तुला मागे बसायची सवय आहे."

"अगं, आत तरी येऊ दे तिला," मामा आतून म्हणाले.

"मी कुठे अडवलंय? तुमची भाची आहे, तुमचं घर आहे. तुम्ही पुढे बसून चालवा, ती मागे बसून मोजेल." मग मामीचा आवाज खाली आला, एवढा की फक्त तिलाच ऐकू जावा. "त्या दिवशी संध्याकाळी याच ओट्याशी उभे राहून त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. सहाही सांगितल्या आणि तू काय लिहिणार होतीस तेही. हे मी कुणाला सांगणार नाही. त्यांनी मला शपथ घातलीय. पण तू माझ्या डोळ्याला डोळा देऊन जेवायला बसू शकतेस का ते तू बघ."

ती बसली. जेवली. जेवली नसती तर मामांना वाईट वाटलं असतं, असं तिने मनाला सांगितलं. मामांनी जेवताना शेडवरच्या मांजरीच्या गमती सांगितल्या, ती गाडीच्या टपावर कशी झोपते आणि आपण गाडी दोनशे पावलं नेली तरी कशी उठत नाही. ते हसले, तीही हसली. मामी वाढत राहिली. जे लागेल ते तिच्या पानात न विचारता पडत होतं, आणि एकदाही मामीने तिला "घे" म्हटलं नाही.

निघताना मामा गल्लीच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर आले. ती आता बोलणार होती. तिने तसं घरून ठरवून आणलं होतं, वाक्यंसुद्धा.

"मामा, मी उद्या मोठ्या साहेबांकडे जाते. खरं सांगते."

मामा थांबले. "कशाला? टेबल जाईल तुझं. मला काय तो रस्ता परत देणार आहेत? माझी राहिलीत किती, चार वर्षं. तुझी चोवीस आहेत." मग थोडं थांबून ते म्हणाले, "तुला कामावर मी लावलं. तुझ्या आईला म्हटलं होतं, पोरीला तिच्या पायावर उभी करीन."

"पण मामा..."

"जा घरी. आणि त्या गणितसाहेबाला सांग, मागच्या स्प्रिंगा मऊ कर म्हणावं. पुढच्यांना हात लावू नको. तेवढं मात्र सांग. गाडी बिचारी काही वाईट नाही."

त्यांनी तिला पळवाट दिली होती आणि ती तिने घेतली. दुसऱ्या दिवशी ती गणितसाहेबांकडे गेली आणि फक्त स्प्रिंगांचं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, हे तुम्हाला कसं सुचलं?" तिने म्हटलं, "बसून बसून कळतं." तेही तिने आपल्याच नावावर घेतलं. मामांनी नाव सांगू नको म्हटलं नव्हतं. तिने सांगितलं नाही, इतकंच.

पुढे त्या गाडीला घरच्या बाजारासाठी मागच्या स्प्रिंगा मऊ बसवल्या, दूरच्या बाजारासाठी होत्या तशाच ठेवल्या, आणि तिसऱ्या बाजाराला दोन्हींच्या मधल्या दिल्या. गाडी चौदा वर्षं चालली. जुनी माणसं अजून तिची आठवण काढतात. सुईच्या परीक्षेला तीन ड्रायव्हर लागतात असा नियम झाला आणि फॉर्मवर ड्रायव्हरच्या नावाचा रकाना आला.

मोठे साहेब दोन वर्षांनी निवृत्त झाले आणि समुद्राकाठी राहायला गेले. म्हणतात, शेवटपर्यंत ते स्वतः गाडी चालवत, ड्रायव्हर ठेवला नाही.

गणितसाहेब दूरच्या देशात गेले, तिथल्याच एका कारखान्यात मोठ्या पदावर चढले. त्यांनी एका भाषणात म्हटलं होतं की गाडीची परीक्षा घेताना चांगला ड्रायव्हर सगळ्यात धोक्याचा. भाषण छापून आलं होतं. त्यात कुणाचं नाव नव्हतं.

गचक्या मामांच्या जागी मुख्य ड्रायव्हर झाला. क्लचशी त्याचं वैर मिटलं नाही, पण आता त्याचीच गरज होती. त्याच्यासारखं वाईट चालवणारं दुसरं कुणी मिळत नसे. सुईवालीशी तो कामापुरतं बोले, आणि ताई म्हणणं त्याने सोडून दिलं, बाई म्हणू लागला. हृदयविकाराने गेला, एकसष्टाव्या वर्षी.

मामांनी चार वर्षं शेडवर काढली. निवृत्तीच्या दिवशी कुणी हारतुरे आणले नाहीत. शिलाईखात्यातल्या बायकांनी मात्र त्यांना मधे बसवून इतक्या मोठ्याने टाळ्या वाजवल्या की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. सुईवाली त्या वेळी विभागाच्या बैठकीत होती. बैठक टाळता आली असती. नंतर अकरा वर्षं मामा जगले. गाडी पुन्हा कधी त्यांनी चालवली नाही; डोळ्यांचं कारण सांगायचे.

मामी नव्वदीपर्यंत होती. रविवारचं जेवण तिने शेवटपर्यंत बंद केलं नाही आणि त्या गोष्टीचा शब्दही पुन्हा काढला नाही. शेवटच्या आजारात ती माणसं ओळखेना, पोटच्या मुलीलाही नाही. सुईवालीला मात्र ओळखलं. नुसती बघत राहिली, मग भिंतीकडे वळली.

सुईवाली चाचणी विभागाची प्रमुख होऊन निवृत्त झाली. तिच्या समारंभात पाच भाषणं झाली. तोवर सुयांच्या जागी यंत्रं आली होती, पण प्रत्येक जण सुयांबद्दलच बोलला. एक जण म्हणाला की या बाईंचा आकडा कधी खोटा निघाला नाही. ती उठून उभी राहिली, हात जोडले, आणि शाल खांद्यावर घेतली.

मामीचे दिवस झाल्यावर मामांची मुलगी तिच्याकडे येऊन बसली होती. तीही आता साठीला आलेली. म्हणाली, "तायडे, बाबांना शेडवर का टाकलं होतं गं? आई कधी बोलली नाही. लोक काहीबाही म्हणायचे तेव्हा. तू तर तिथेच होतीस."

सुईवालीने पदराची कड बोटांनी दुमडली. मग तिने मामांच्या पायाचं सांगितलं, झाड हलायचं थांबल्यावर गाडी थांबल्याचं कसं कळायचं ते. मांजरीचं सांगितलं. वाईट चालवायला गेले आणि जमलंच नाही, स्वतःच्या मांडीला चापट्या मारत होते, तेही सांगितलं. मुलगी हसून हसून रडली. म्हणाली, "अजून सांग."

"एवढंच आठवतं," सुईवाली म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.